वाचनकक्ष भरलेला, देवघेवीचं रजिस्टर रिकामं

सोलापुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथपाल ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून त्याचा सारांश देते.

‘मी २००७पासून इथे आहे. पूर्वी दिवसाला दीडशे पुस्तकं जायची, आता पंधरा-वीस. दोन परिचर निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. लिपिक अर्धा दिवस ऑफिसात असतो. शिक्का मीच मारते, पुस्तक रॅकला मीच लावते, संध्याकाळी कुलूपही मीच घालते. नवे प्राचार्य म्हणतात, “मॅडम, आता सगळं मोबाईलवर आहे, लायब्ररीत येतंय कोण? मला आकडे दाखवा.” वरच्या मजल्यावरचा साठा हलवून तिथे संगणक कक्ष करायचा आहे. त्यासाठी नऊ हजार जुनी पुस्तकं निर्लेखित करा, म्हणजे दफ्तरातून कायमची काढून टाका, अशी तोंडी सूचना आहे. त्यात तेलुगू, कन्नड आणि उर्दू पुस्तकांची तीन कपाटं आहेत. मला अर्धा दिवस आयक्यूएसीत, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षात, बसून नॅकच्या मूल्यांकनाचं काम करायला सांगितलं आहे. वाचनकक्षात सकाळी आठपासून एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं असतात, उशिरा आलेली पायऱ्यांवर बसतात. पण येताना स्वतःचे गाइड आणतात, आमच्या पुस्तकाला हात लावत नाहीत. परवा एम.ए.ची मुलगी दहा संदर्भांची यादी घेऊन आली. चॅटजीपीटीनं दिलेली. त्यातली सात पुस्तकं जगात कुठेच नाहीत. त्यात माझा दीड तास गेला. प्राध्यापक मला क्लार्क समजतात. वय ४७. लढू, गप्प बसू, की वीस वर्षं भरली की स्वेच्छानिवृत्ती घेऊ?’

ताई,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या पानावर प्राचार्यांचं वाक्य आहे, ‘लायब्ररीत येतंय कोण?’ आणि तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलं आहे की मुलांना पायऱ्यांवर बसावं लागतं. दोन्हींखाली मी रेघ मारली. प्राचार्यांनी आकडे मागितले तेव्हा तुम्ही त्यांच्यापुढे काय ठेवलंत? देवघेवीचं रजिस्टर. त्यात पंधरा-वीस नोंदी. मग त्यांनी दुसरा कुठला निष्कर्ष काढायचा?

मी तुम्हाला दोष देत नाही. आपल्या सगळ्यांना हेच मोजायला शिकवलं गेलं: किती दाखल झाली, किती गेली, किती परत आली, किती गहाळ. मीही एकतीस वर्षं वार्षिक अहवालात हेच लिहीत आले. पण मोहोळहून किंवा अक्कलकोटहून पहिल्या एसटीनं आलेला मुलगा तुमच्या पंख्याखाली आठ तास बसतो, दुपारी व्हरांड्यात शेंगाचटणी-भाकरीचा डबा खाऊन परत त्याच खुर्चीवर येतो, तो या रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, ज्या मुलीच्या घरी भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतो आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, तीही नाही. या मुलांना तुम्ही रोज काहीतरी देता आहात. फक्त ते कुठे लिहिलं जात नाही.

तेव्हा आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि एक महिना चालवा. दिवसातून तीन वेळा, म्हणजे दहा, एक आणि चार वाजता, वाचनकक्षातली डोकी मोजा. उभी आणि पायऱ्यांवर बसलेलीही धरा. दुसरीकडे, जो कुणी प्रश्न घेऊन आला त्याची एक ओळ: तारीख, वर्ग, काय विचारलं, किती वेळ गेला, मिळालं की नाही. नाव लिहू नका, मुलं संकोचतात. महिना संपला की बेरीज करा आणि प्राचार्यांकडे एकच पान न्या. ते आकड्यांची भाषा बोलतात म्हणून तुम्हाला राग आला आहे, हे पत्रात जाणवतं. मला त्यांच्या मागणीत वैर दिसत नाही. त्यांना संस्थेच्या बैठकीत जागेचा, वीजबिलाचा, रिक्त पदांचा जाब द्यावा लागतो. तुमच्या बाजूनं बोलायचं ठरवलं तरी त्यांच्या हातात आज कागद नाही.

आता ‘आमच्या पुस्तकाला हात लावत नाहीत’ या तक्रारीबद्दल. मुलांना तुमच्याकडून नक्की काय हवं, हे त्यांना कधी विचारलंत का? मी निवृत्तीच्या आधीच्या दोन वर्षांत विचारलं, आणि लाज वाटली. त्यांना हवी होती पाचवी ते बारावीची बालभारतीची पाठ्यपुस्तकं, मागच्या प्रश्नपत्रिका, लोकराज्य आणि योजनाचे अंक आणि महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. यातलं बहुतेक स्वस्त आहे, आर्थिक पाहणी तर सरकार दरवर्षी फुकट प्रसिद्ध करतं. आम्ही मात्र कपाटात जाड संदर्भग्रंथ ठेवून मुलं वाचत नाहीत म्हणत होतो.

आणि वारंही आता तुमच्या बाजूनं वळलं आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. निबंध लिहायचा, वैकल्पिक विषय घ्यायचा, उत्तरं स्वतःच्या शब्दांत मांडायची. चार पर्यायांतून एक निवडण्यापुरता गाइड पुरत होता, पण दोन पानांचं उत्तर गाइडातून येत नाही. त्याला तुमच्या रॅकवरचा आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजसुधारकांची चरित्रं लागतात. अशी चाळीस-पन्नास पुस्तकं निवडा आणि वाचनकक्षातल्याच एका टेबलावर उघडी मांडून ठेवा. कार्ड नको, सही नको. तिथेच वाचायची आणि तिथेच ठेवायची. रॅकपर्यंत चालत जायला मुलं बिचकतात, टेबलावरचं उचलतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

इथे तुमच्या मनात येईल की पुस्तकं चोरीला जातील. त्याशिवाय का कपाटांना कुलपं आहेत? ग्रंथपालाच्या पोटातली ही भीती मला ठाऊक आहे. पडताळणीत कमी भरलं की वसुली पगारातून, असं ऐकत आपण नोकरीला लागतो. पण केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ जरूर वाचा. वर्षात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं, त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर, तो नियम रास्त धरतो. दुर्मीळ पुस्तक किंवा हजार रुपयांहून महाग पुस्तक हरवलं तर मात्र चौकशी करायचीच. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तुमच्या संस्थेला आपोआप लागू होत नाही. पण ग्रंथालय समितीपुढे ठेवायला तो भक्कम आधार आहे. समितीकडून असाच ठराव करून घ्या आणि तो इतिवृत्तात आला की नाही ते बघा. मग कुलपं काढा. ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असं आहे. आपण सगळ्यांनी ते परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत.

त्या एम.ए.च्या मुलीवर मला जास्त बोलायचं आहे. ‘त्यात माझा दीड तास गेला’ असं तुम्ही लिहिलंत. ताई, अख्ख्या पत्रात ग्रंथपालाचं निखळ काम केल्याचा प्रसंग हाच एक आहे, आणि तो तुम्ही वाया गेलेला वेळ म्हणून नोंदवलात. पुस्तक आणून देणारे आता पुष्कळ आहेत. लेखकाचं नाव खरं, प्रकाशकाचं नाव खरं, वर्षही पटण्यासारखं, आणि पुस्तक मात्र कधी निघालेलंच नाही, हे ओळखणारं माणूस त्या इमारतीत तुम्ही एकट्या आहात. तिच्या मार्गदर्शकांच्याही ते कदाचित लक्षात आलं नसतं. प्रबंधिका तशीच गेली असती.

तुम्ही ते कसं शोधलंत, तेच एका पानावर लिहून काढा. भारतातल्या पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे तेरा आकडी ओळख क्रमांक, ९७८-८१ किंवा ९७८-९३ने सुरू होतो. आधी तो तपासायचा. लेखाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा डिजिटल क्रमांक, दिला असेल तर तो टाकून खरंच तोच लेख उघडतो का ते पाहायचं. प्रबंध असेल तर शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर. प्रकाशकाची सूची, मोठ्या ग्रंथालयांच्या सूची. कुठेच सापडलं नाही तर संदर्भ वगळायचा. आपल्याला हे अंगवळणी पडलेलं असतं म्हणून ते कौशल्य वाटत नाही. वीस वर्षांच्या मुलीला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

हे पान घेऊन पदव्युत्तर विभागांकडे जा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आता संशोधन पद्धती हा विषय आला आहे. त्यातले चार तास मागा: संदर्भ कसे शोधायचे, खरे-खोटे कसे पारखायचे, कसे नोंदवायचे, वाङ्मयचौर्य म्हणजे काय. मागताना उपकार मागतो आहोत असं वाटू देऊ नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी विद्यार्थी आणि शिक्षक यांचं प्रबोधन करण्याची जबाबदारी संस्थेवरच टाकली आहे. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे चाळीस, साठ असे टप्पे आणि चढत्या शिक्षा आहेत, हेही बहुतेक मुलांना सादरीकरणाच्या आदल्या रात्री कळतं.

प्राध्यापक क्लार्क समजतात, हे दुखणं जुनं आहे. त्यावर मी पूर्वी पदनाम, वेतनश्रेणी, शासन निर्णय असं बोलत असे. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्यानं तर विद्यापीठाच्या ग्रंथपालाला ज्ञानस्रोत केंद्राचा संचालक केलं. पाटी बदलल्यानं काय होतं ते आपण पाहतो आहोत. माझा अनुभव असा की एखाद्या प्राध्यापकाची खरी अडचण सोडवली की तो माणूस पुन्हा तुम्हाला क्लार्क म्हणत नाही. सध्या त्यांची अडचण ही आहे: यूजीसीनं मान्य संशोधन नियतकालिकांची केअर यादी बंद केली. कुठल्या नियतकालिकात लेख द्यायचा हे आता ज्याचं त्यानं पारखायचं आहे, आणि पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्यांच्या मेल रोज येत आहेत. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, आधीचे अंक वाचायला मिळतात का, परीक्षण किती दिवसांत होतं, शुल्क आधी सांगतात का, ही पडताळणी तुम्ही करून देऊ शकता. सूचनाफलकावर लावा: लेख पाठवण्याआधी नियतकालिक तपासून हवं असेल तर बुधवारी तीन ते पाच भेटा. पहिल्या बुधवारी कुणी येणार नाही. तिसऱ्याला एक जण येईल, दबक्या आवाजात विचारेल.

त्याच ओघात, महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणाऱ्या एन-लिस्टची वर्गणी तुमचं महाविद्यालय भरतं असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. किती विद्यार्थ्यांची खाती उघडली आहेत? यादी आपणच चढवायची असते, आणि अनेक ठिकाणी फक्त प्राध्यापकांची खाती असतात, त्यातलीही अर्धी झोपलेली. प्रवेश झाले की ऑगस्टमध्ये बसून पदव्युत्तरच्या सगळ्या मुलांची यादी चढवा आणि त्यांच्या मोबाईलवर पहिलं लॉगिन तुमच्यासमोर करून घ्या. ‘सगळं मोबाईलवर आहे’ या वाक्याला मला हेच उत्तर आवडतं. मोबाईलवर आहे ते विकत घेतलेलं आहे, आणि त्याचं दार उघडून देणारी व्यक्ती तुमच्या टेबलामागे बसते. जानेवारी २०२५पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनाही सुरू झाली आहे. तिच्यात सुमारे तेरा हजार नियतकालिकं आहेत, आणि ती सहा हजार तीनशे सरकारी संस्थांसाठी आहेत. तुमचं महाविद्यालय खासगी अनुदानित, त्यामुळे यादीत आहे का ते इन्फ्लिबनेटच्या संकेतस्थळावर पाहा. नसेल तर संशोधन करणाऱ्या मुलांना केगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचता येईल का, हे पत्र लिहून विचारा.

आता नऊ हजार पुस्तकं. इथे मला हात जोडून सांगायचं आहे.

बारा-पंधरा वर्षांपूर्वी मीही निर्लेखन केलं. जागा हवी होती, कागदपत्रं व्यवस्थित होती, समितीच्या सह्या होत्या. रद्दीवाल्याचा टेम्पो आला. सुतळीनं बांधलेले गठ्ठे काट्यावर चढत होते आणि मी वजनं लिहून घेत होते. त्यात महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिक अंकांचे बांधीव खंड गेले. आमच्या अंकाला मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर कन्नड, उर्दू आणि काही वर्षं तेलुगू विभागही असायचा. तीन वर्षांनी एक मुलगी आली. सोलापूरच्या बंद पडलेल्या गिरण्यांवर प्रबंध करत होती. कुठल्याशा तळटीपेत तिला सापडलं होतं की आमच्या एका जुन्या अंकात लक्ष्मी-विष्णू मिलमधल्या कामगाराच्या मुलानं वडिलांच्या पाळीबद्दल तेलुगूत लिहिलं आहे. तो अंक मागायला ती आली होती. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. तो अंक दुसरीकडे कुठेही मिळाला नाही. दाखल रजिस्टरात त्या ओळीवर माझ्याच अक्षरात ‘निर्लेखित’ असं लाल शाईनं लिहिलेलं आहे.

म्हणून सांगते, एकही पुस्तक काढू नका असं मी म्हणणार नाही. काढायलाच हवीत अशी पुष्कळ असतील. जुन्या अभ्यासक्रमाच्या क्रमिक पुस्तकांच्या तीस-तीस प्रती, कालबाह्य संगणकाची पुस्तकं, वाळवीनं खाल्लेली. माझा अंदाज, तुमच्या नऊ हजारांतली निम्म्याहून जास्त अशीच निघतील. त्यांची यादी तुम्ही स्वतःहून करा, समितीपुढे ठेवा, पटापट मोकळी करा. तेवढ्या रॅक रिकाम्या झाल्या तर संगणक कक्षाला लागणारी बरीचशी जागा तिथेच निघेल. ‘वरचा मजला देणार नाही’ यापेक्षा ‘वरच्या मजल्याचा हा भाग घ्या, हा नकाशा’ असं म्हणून प्राचार्यांकडे गेलात तर बोलणं पुढे सरकतं. संगणक कक्षाला मी शत्रू मानत नाही. ग्रंथालयाच्या दारातूनच तिथे जायचा रस्ता असावा आणि त्याच्या वेळा तुमच्या हातात असाव्यात, एवढी अट घाला.

पण तोंडी सूचनेवर एकही पुस्तक हलवू नका. ‘आपल्या दिनांक अमुकच्या चर्चेनुसार’ असं पत्र प्राचार्यांना द्या, आवक क्रमांक घ्या, यादी आणि ठराव झाल्याशिवाय कार्यवाही करता येणार नाही हे नम्रपणे लिहा. उद्या प्राचार्य बदलतील आणि पडताळणीत तुमचं नाव येईल.

आणि ती तीन कपाटं आधी बाजूला काढा. पत्रात ती किती वर्षं उघडली नाहीत हेही नाही आणि त्यांत काय आहे त्याबद्दल एक ओळही नाही. मला वाटतं, तुम्हालाही माहीत नसावं, आणि त्यात कमीपणा काही नाही, तेलुगू लिपी आपल्याला कुठे वाचता येते? पण सोलापूर हे चार भाषांत जगलेलं गाव आहे. तेलंगणातून आलेले विणकर, कन्नड बोलणारी घरं, उर्दू शाळा. १९३०चा ब्रिटिशांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, या सगळ्यांनी मिळून सोसला. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांची नावं एका दमात म्हणून बघा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. या गावाचं लिहिलेलं-छापलेलं जे काही आहे ते पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात सापडेलच असं नाही. मोबाईलवर तर नाहीच, कारण कुणी चढवलेलंच नाही. जुन्या स्मरणिका, गिरण्यांचे अहवाल, जत्रेच्या पुस्तिका, हातमाग संघटनांची पत्रकं, महाविद्यालयाचे वार्षिक अंक, हे सगळं त्या कपाटांशेजारी एकत्र आणा. ‘सोलापूर संग्रह’ अशी साधी पाटी लावा. ज्या लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटली आहेत त्याचं लेखन आपल्या कायद्यानं मुक्त होतं, ते मोबाईलच्या कॅमेऱ्यानं टिपून ठेवायला हरकत नाही. नॅकच्या समितीला दाखवायलाही याहून वेगळं काही तुमच्याकडे नसेल.

आयक्यूएसीचं म्हणाल तर मी ते नाकारणार नाही. नॅकच्या निकषांत ग्रंथालय हा स्वतंत्र भाग आहे: संगणकीकरण, ई-साधनं, खर्च, रोजचा वापर. तो भाग कुणीतरी घाईत भरण्यापेक्षा तुम्ही भरलेला बरा. शिवाय नव्या खोल्यांचं, निधीचं बोलणं तिथे आधी होतं. पण अर्धा दिवस नको. आठवड्यातून दोन दुपारी, लेखी आदेश, आणि त्या वेळात काउंटरवर कोण बसेल त्याचं नाव आदेशातच. नाव नसेल तर त्या वेळात ग्रंथालय बंद असतं हे मुलांना दिसतं, प्राचार्यांना दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी तुमचेच आकडे खाली येतात.

माणसं नाहीत, याला माझ्याकडे रामबाण औषध नाही. ‘कमवा आणि शिका’ योजनेतली दोन-तीन मुलं मागा. पुस्तकं जागेवर लावणं, वर्तमानपत्रं लावणं, डोकी मोजणं ती छान करतात. पण रिक्त पदांचं पत्र दर सत्राला देत राहा, मुलांच्या मदतीवर काम भागतंय असा समज होऊ देऊ नका. स्वतः रात्री सातपर्यंत थांबून सगळं ओढायचं थांबवा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर वाचकाला स्वतःच नूतनीकरण करू द्या. निम्मी रांग तिथेच कमी होते.

राहिला स्वेच्छानिवृत्तीचा प्रश्न. तुमची नेमणूक २००७ची, म्हणजे १ नोव्हेंबर २००५नंतरची. जुनी पेन्शन तुम्हाला नाही. वीस वर्षं भरली म्हणून बाहेर पडणं जुन्या लोकांना जसं परवडलं तसं तुम्हाला परवडेल असं धरून चालू नका. हातात काय पडेल, महिन्याला काय येईल, हा हिशोब लेखापालांकडून कागदावर घ्या, घरी दोघांनी बसून बघा, आणि मुलांच्या शिक्षणाची वर्षं त्यापुढे लिहा. प्रकृतीचं कारण असतं तर मी वेगळं बोलले असते. रागाच्या भरात मात्र हा अर्ज लिहू नये. एक शैक्षणिक वर्ष थांबा. वहीचे आकडे, समितीचा ठराव, चार तास, बुधवारची दोन तासांची बैठक, एवढं करूनही जून महिन्यात कामावर जाताना पाय ओढत असतील तर मला पुन्हा लिहा, मग आपण त्यावर नीट बोलू.

पीएच.डी.बद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंत. पदोन्नतीसाठी म्हणून करू नका, सत्तेचाळिसाव्या वर्षी ती फार जड जाते. पण कपाटं उघडल्यावर एखादा प्रश्न डोक्यात बसला, तर जरूर करा.

गावातल्या दुसऱ्या ग्रंथपालांशी बोलता का? महिन्यातून एकदा चौघी-पाच जणी भेटा. कुणाकडे कुठलं नियतकालिक येतं, कुणाकडे जादा रॅक आहेत, निर्लेखनाचा ठराव कुणी कसा लिहिला. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या लोकांनाही बोलवा. मी हे फार उशिरा सुरू केलं.

तूर्त वरच्या मजल्यावरून सुरुवात करा. वाचनकक्षात बसणाऱ्यांत पूर्व भागातलं कुणीतरी असणारच. त्याला विचारा, घरी तेलुगू वाचणारं कोण आहे. आजी असेल, आजोबा असतील. एखाद्या शनिवारी रिक्षा करून त्यांना घेऊन या, खुर्ची आणि पंखा द्या, त्यांनी पुस्तकाचं नाव वाचायचं आणि नातवानं मराठीत लिहून घ्यायचं. कन्नड आणि उर्दूसाठीही तसंच. पहिल्या कपाटाची यादी झाली की एक प्रत मला पाठवा. त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे अजून आहे.